बघणाऱ्याचं डावं

७ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार, ख्यालीखुशाली, सगळं गृहीत धर. फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. लगेच मुद्द्यावर येते, नाहीतर माझं गुऱ्हाळ सुरू होईल आणि तू चौथ्या ओळीलाच पत्राची घडी करून खिशात टाकशील.

घरामागची शेड जाणार आहे. घरमालकाला तिथे भिंत घालायची आहे. ३१ मार्चपर्यंत मोकळी करून द्या म्हणालाय. शेडमध्ये दोन मोडक्या खुर्च्या, एक शिडी आणि तुझी मोटरसायकल आहे. मोटरसायकल कसली, तिचे अवयव. सांगाडा भिंतीला टेकवलेला, चाकं खिळ्यांना टांगलेली, टाकी गोणपाटात, आणि उरलेलं सगळं बिस्किटांच्या अकरा डब्यांत. एकोणीस वर्षांपूर्वी बाबांनी सुटी केली तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही.

तर प्रश्न असा की बांधायची, की भंगारात घालायची?

चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं, जाड भिंगांचं. मी त्याच्या काचा घासत असताना तो सांगत होता की असल्या गाड्यांना आता भलताच मान आहे, ‘व्हिंटेज’ म्हणतात. आपण अडगळ म्हणतो. मी त्याला म्हटलं, पण ती सुटी आहे हो, नटबोल्टसकट. तर तो म्हणाला, मग तर विचारूच नका, आधी बघा की जे आहे ते पुरेसं आहे का. तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा शिरलाय. काच घासताना मध्येच थांबते आणि पिस्टन आठवतो.

सोबत यादी आहे. डब्यांतल्या चिठ्ठ्यांवर जसं लिहिलंय तसंच उतरवलंय, डावं, उजवं, वरचं, खालचं, सगळं. तू वाच आणि सांग काय कमी आहे. तुला ती गाडी डोळे मिटून कळते.

बाबा बरे आहेत. ऐकू कमी येतं. हात थरथरतात, म्हणून चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. तू विचारणार नाहीस, मी आपली सांगते.

तुझी
वायसर

(दुसरं कुणी मला वायसर म्हणत नाही. नट-बोल्टच्या मधल्या चकतीसारखी दोघांच्या मध्ये मध्ये येणारी म्हणून तूच ठेवलेलं नाव, तूच वापर.)


१९ फेब्रुवारी

दादा,

चार पानं! एकोणीस वर्षांत तुझी मिळून चार पानं आली नसतील. कार्बोरेटर कसा भिजत घालायचा, चाकाच्या तारा कशा वाजवून बघायच्या, जणू तू तिथे पंपांच्या कारखान्यात बसून रोज याच गाडीचा विचार करत होतास. मी तिसऱ्या पानापर्यंत हसत होते. चौथ्या पानावर तुझी अट आली. ‘बांध. पण त्यांचा हात लागता कामा नये. ज्याने मोडली त्याने बांधायची नाही.’ त्या वाक्याखाली दोन रेघा. पेन इतकं दाबलंयस की मागच्या पानावर उमटलंय.

बरं. नाही लावणार ते हात. तसेही ते शेडकडे फिरकत नाहीत. आयुष्यभर गॅरेज चालवलेला माणूस, दहा दिवसांत बांधली असती त्यांनी. पण एवढ्या वर्षांत एकदा कुलूप काढलं नाही आणि डबे फेकूही दिले नाहीत. मी लहान असताना एकदा म्हटलं होतं, बाबा, बांधूया का? तर म्हणाले, ‘तुझा अभ्यास झाला का?’

म्हणून मी फिटरला बोलावलं. तुला आठवत असेल, बाबांच्या गॅरेजसमोर ज्याचं दुकान होतं आणि जो दिवसभर बाबांशी वाद घालायचा. आता तोही थकलाय, पण जीभ तशीच आहे. परवा आला, डबे उघडून खाली मांडून बसला आणि एकेक वस्तू नाकाशी धरून बघायला लागला. त्याचं म्हणणं थोडक्यात: सांगाडा चांगला, चाकं चालतील, टाकीला तळाशी भोकं पडलीत, पिस्टन गंजून अडकलाय आणि इंजिनच्या केसला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, चीर आहे.

‘ही चीर गंजाने नाही पडलेली,’ तो म्हणाला. ‘सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलंय. बघ, वळ दिसतायत. ज्याने उघडलं त्याला घाई होती आणि अक्कल नव्हती.’

मी म्हटलं, चहा घेणार का.

बांधायला सात-आठ महिने लागतील म्हणतो. आणि निम्म्या वस्तू नव्याने करून घ्याव्या लागतील. मी विचारलं, मग ती तीच गाडी राहील का? तो म्हणाला, ‘बाई, तुझे दात किती खोटे आहेत? तरी तू तूच आहेस ना?’ माझे सगळे खरे आहेत, पण वाद घातला नाही.

सोमवारी मला वाटलं, बांधायचीच. मंगळवारी वाटलं, कशाला हा उपद्व्याप. आज पुन्हा वाटतंय की बांधावी, तू येशील, एकदा चक्कर मारशील आणि झालं गेलं तिथेच मिटेल. वाटतंय म्हणजे मला वाटतंय. तू काही कबूल केलेलं नाहीस, हे मला माहीत आहे.

वायसर


२ मार्च

दादा,

आज तुला हसवते. काल फिटरने सांगाडा दोन विटांवर उभा केला आणि म्हणाला, नुसता बाहेरचा सांगाडा तरी जोडून बघू, काय काय बसतंय ते कळेल. मी डब्यातून चिठ्ठी वाचून वस्तू द्यायची आणि त्याने बसवायची. डबा चार, ‘फूटरेस्टची पट्टी, डावी’. दिली. बसेना. पट्ट्या दिसायला सारख्या, पण भोकं अर्ध्या बोटाने पुढेमागे. त्याने घासली, ठोकली, तेल सोडलं, पट्टीच्या सात पिढ्या काढल्या. मग मडगार्डचा रॉड, ‘उजवा’. तोही बसेना. तासाभराने तो फतकल मारून बसला आणि हातातली पट्टी त्याने सहज दुसऱ्या बाजूला लावून बघितली. गप्पकन बसली.

‘हे कुणी लिहिलंय?’ तो ओरडला. ‘डावं ते उजवं आणि उजवं ते डावं! आरशात बघून लिहिलंय का?’

सगळ्या डब्यांचं तेच. डाव्या-उजव्याची एकही चिठ्ठी सरळ नाही. एवढं कळल्यावर मात्र काम भराभर झालं. संध्याकाळी पाचला पुढचा फोर्क लागला, चाक लागलं, हँडल लागलं. इंजिन नाही, टाकी नाही, सीट नाही, पण लांबून बघितलं तर गाडी वाटत होती. मी मागे वळले तर बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे होते. किती वेळचे, कुणास ठाऊक. मी हात केला. त्यांनी खिडकी लावून घेतली.

आज उगाचच चहा दोनदा केला आणि दोन्हीदा ओतून दिला. गाडी उभी राहतेय म्हणून असेल.

तुझं काय ठरतंय? एप्रिलमध्ये सुट्टी मिळते का बघ. नुसतं बघ.

वायसर


११ मार्च

दादा,

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. ‘चिठ्ठ्या कुणी लिहिल्या? बाबांचं डावं-उजवं कधी चुकत नाही.’

कुणी म्हणजे काय, गाडी ज्यांनी सोडली त्यांनीच. घाईत लिहिलं असेल. रागात माणसाला डावं-उजवं सुचतं का? किंवा डब्यांची अदलाबदल झाली असेल, शेड गळते, मी एकदा हलवले होते डबे. तू तिकडे बसून कसला कीस काढतोयस?

आणि ऐक, माझा विचार बदललाय. भंगारवाल्याला पुढच्या शुक्रवारी बोलावलंय. फिटरलाही सांगितलं, राहू द्या. केसची चीर सांधली तरी पुन्हा उकलणार. टाकी नवी, पिस्टन नवा, मग जुनं काय राहिलं? पत्र्याचा सांगाडा. त्यासाठी आठ महिने कोण घालवणार? दुकानात या महिन्यात गर्दी आहे, मान वर करायला फुरसत नाही. तू म्हणशील आधी मीच टुमणं लावलं होतं. लावलं होतं. चुकलं.

दुसरं काही नाही. तब्येतीला जप.

वायसर


१२ मार्च

दादा,

कालचं पत्र मी पेटीत टाकून आले आणि घरी येईपर्यंत तीनदा मागे वळले. ते पत्र खोटं आहे. ते तुला आधी मिळेल, हे त्याच्या मागोमाग. दोन्ही शेजारी ठेवून वाच आणि मला काय म्हणायचं ते म्हण.

गाडी मी मोडली.

तुला तो रविवार जसा माहीत आहे तसा तो नव्हता. मी चौदा वर्षांची होते, आई जाऊन आठ महिने झाले होते. शनिवारी तू मला जिन्यात गाठून सांगितलंस, ‘सोमवारी सकाळी निघतोय, नोकरी मिळालीय, गाडीवरूनच जाणार. बाबांना मी ऐनवेळी सांगेन, तू बोलू नकोस.’ तुला वाटलं, केवढा मोठा विश्वास टाकला. मी रात्री उशी चावत रडले. मला एवढंच कळत होतं की आई गेली, आता तू जाणार, आणि घरात मी आणि बाबा, आणि बाबा तर बोलायचेच बंद झाले होते.

रविवारी बाबा गॅरेजमध्ये होते, तू मित्रांना भेटायला गेला होतास. मी सकाळी नऊला पान्हे घेऊन बसले. तुम्हा दोघांना ती गाडी उघडताना मी इतक्यांदा बघितलं होतं की मला वाटलं, जमेल. जमलंही. एकेक वस्तू काढायची, चिठ्ठी लिहायची, जवळ ठेवायची. चिठ्ठ्या कशाला, तर तू ‘राहतो’ म्हणालास की मी परत बांधून देणार होते! खरंच तसं ठरवलं होतं. दुपारी इंजिनशी आले. केस उघडेना म्हणून सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हातोडी मारली. चिरल्याचा आवाज आला. तेव्हा मला कळलं की आता ही माझ्याच्याने पुन्हा बांधली जाणार नाही, आणि मी थांबायचं सोडून भीतीने पुढचंही सगळं सोडत गेले.

पाचला बाबा आले. दारात उभे राहिले. मी त्या पसाऱ्याच्या मध्ये बसलेली, कोपरापर्यंत काळी. मला वाटलं, मारतील. त्यांनी विचारलं, ‘का गं?’ मी सांगितलं, दादा उद्या जाणारेय.  मग म्हणाले, ‘जा, रॉकेलने हात धू. नखंपण.’ मी आत गेले. आणि ते माझ्या जागी बसले, दादा. माझाच पान्हा हातात घेऊन.

पुढचं तुला माहीत आहे. तू आलास, त्यांना तसं बसलेलं बघितलंस, आणि जे बोललास ते मी न्हाणीच्या दारामागे उभी राहून ऐकलं. ‘मला अडवायला एवढ्या खालच्या थराला गेलात?’ ते ‘नाही’ म्हणाले नाहीत. ‘हो’ पण म्हणाले नाहीत. मी दार ढकलून बाहेर यायला हवं होतं. दाराच्या कडीवर माझा हात होता. मी आले नाही. सकाळी तू एक पिशवी घेऊन बसने गेलास.

आता चिठ्ठ्यांचं. बाबांचा गॅरेजमधला पहिला धडा काय होता, तो मला आता आठवला, तुझी ओळ वाचल्यावर. ‘डावं-उजवं बसणाऱ्याचं, बघणाऱ्याचं नाही.’ तो तुला शिकवला होता, मला नाही. मला त्या गाडीवर कुणी कधी बसवलंच नव्हतं. तू बसायचास, बाबा बसायचे, आई मागे बसायची. मी कायम समोर उभी, पुढचा दिवा पुसायला नाहीतर पान्हा द्यायला. समोर उभ्या असलेल्या पोरीला जे डावं दिसलं ते तिने डावं लिहिलं. आता मी रोज माणसांच्या समोर बसून त्यांचा उजवा डोळा माझ्या डाव्या हाताला असतो हे धरून काचा बसवते, एकदाही चुकत नाही. आणि त्या चिठ्ठ्या तुला तशाच उतरवून पाठवताना माझ्या एवढंही लक्षात आलं नाही.

तू मला पकडलंस असं मला वाटत नाही. मला वाटतं, मला कुणीतरी पकडावं म्हणूनच मी ती यादी पाठवली. पण हेही कदाचित आता स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणतेय.

आणि गाडी बांधायचा घाट मी कशासाठी घातला होता, तेही सांगते. गाडी उभी राहिली की तू येशील, बाबांशी बोलशील, आणि मला हे कधीच सांगावं लागणार नाही. एवढाच हिशेब होता. 

तुझ्या दोन ओळींत एक गोष्ट होती. एकोणीस वर्षांत तू पहिल्यांदा ‘ते’ न लिहिता ‘बाबा’ लिहिलंस. त्या एका शब्दामुळे हे पत्र लिहायचं धाडस झालं. नाहीतर शुक्रवारी भंगारवाला सगळं घेऊन गेला असता आणि मी सुटले असते.

सही करत नाही. कुठल्या नावाने करू?


३० मार्च

दादा,

अठरा दिवस झाले. तुझं उत्तर नाही. पोस्टमन आमच्या दारावरून जाताना आता माझ्याकडे बघतच नाही, त्याला ओशाळं वाटतं.

भंगारवाल्याला मी दारातूनच परत पाठवलं. तो चिडला, टेम्पो फुकट आणला म्हणाला, ते बरोबरच होतं. मग आठवडाभर मी घरात नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. भांडी पुसून पुन्हा धुतली. दुकानात एका बाईच्या चष्म्याला दुसऱ्याच्या काचा बसवल्या, दुकानाचा मालक बोलला. शेवटी परवा, रविवारी, बाबांच्या समोर स्टूल ओढून बसले आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, म्हणजे जवळजवळ सगळ्या आळीला सांगितलं, ‘बाबा, मी दादाला खरं काय ते लिहिलं.’

ते म्हणाले, ‘कधी?’

‘बारा तारखेला.’

‘उत्तर?’

‘नाही आलं.’

त्यांनी मान हलवली. मी विचारलं, ‘तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?’ हा प्रश्न विचारायला मला एकोणीस वर्षं लागली, तुला हसू येईल. ते म्हणाले, ‘अगं, तो निघालाच होता. तू केलंस हे कळलं असतं तर तुझ्यावर डूख धरून गेला असता. तुम्हा दोघांना अजून सगळं आयुष्य काढायचं होतं. माझं काय.’

मग जे म्हणाले ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला झोंबलं आणि तुलाही झोंबायला हवं. ‘पण मला वाटलं होतं, एकदा तरी विचारेल. बाबा, तुम्ही असं का केलंत? विचारलं असतं ना, तर माझ्याच्याने खोटं बोलवलं नसतं.’

तू विचारलं नाहीस, दादा. तू त्यांच्यासमोर लहानाचा मोठा झालास, त्यांनी पान्हा कधी कुणावर रागाने उचलला नाही हे तुला माहीत होतं, आणि तू एकदा विचारलं नाहीस. मी गुन्हेगार आहे, कबूल. पण सगळा गुन्हा मी एकटीने उचलणार नाही. हे लिहिताना मला तुझा राग येतोय आणि राग यायचा मला हक्क आहे की नाही हे कळत नाहीये, तरी येतोय.

नंतर त्यांनी चष्मा मागितला. मला वाटलं पेपर वाचणार. तर म्हणाले, ‘मग आता बांधायला हरकत नाही.’

मी म्हटलं, ‘म्हणजे?’

‘म्हणजे काय! इतकी वर्षं ते डबे दुसऱ्या कुणाच्या हाती लागले असते, तर चिठ्ठ्यांवरचं तुझं अक्षर ओळखलं गेलं असतं. आणि मी बांधली असती तर लोक म्हणाले असते, बांधायचीच होती तर मोडलीस कशाला. काय सांगणार होतो?’

एवढ्यासाठी, दादा. एका पोरीच्या अक्षरासाठी त्या माणसाने शेडला कुलूप घातलं होतं.

तुझी अट मी मोडतेय, हे कळवण्यासाठीही हे पत्र आहे. आणि खरं तर मोडत नाहीये. ज्याने मोडली त्याने बांधायची नाही म्हणालास, तर बाबांनी मोडलीच नव्हती, ते बांधू शकतात. माझ्यापुरती अट मात्र मी मोडणार आहे. काल आम्ही दोघांनी आणि फिटरने मिळून सगळं पुढच्या खोलीत आणलं. पलंग भिंतीला सरकवला, सांगाडा खिडकीखाली. फिटर आणि बाबा पहिल्या पाच मिनिटांत भांडले. केस सांधून घ्यायची की नवी शोधायची यावरून. बाबांच्या हातात नट धरवत नाही, तो टणकन पडतो आणि पलंगाखाली जातो, मग ते तोंडाने सांगतात आणि मी लावते. मी चिठ्ठ्या बदलू का विचारलं तर म्हणाले, ‘राहू देत. आता आपल्याला माहीत आहे ना.’

परवडतं का? नाही परवडत. जाड भिंगांच्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं, जे आहे ते पुरेसं नाही. ही गाडी चालू व्हायला वर्ष लागेल, आणि या वयात बाबांकडे वर्ष आहे का हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. झाली तरी ती व्हिंटेज नसेल, ठिगळं लावलेली असेल. तरी आम्ही बांधतोय. आज सकाळी उठल्यावर त्यांनी आधी मला हाक मारली आणि मग दात घासले. मला एवढं पुरतं.

तू या गाडीसाठी येऊ नकोस. मी तिचं आमिष दाखवत होते, ते आता परत घेते.

एकच सांगते आणि थांबते. तुला अबोला धरायचाच असेल तर धर. तुझा तो हक्क आहे आणि मला तो अबोला भोगायला हवा, एकोणीस वर्षं झाली तरी चालेल. पण इतके दिवस तू चुकीच्या माणसाशी धरला होतास. तो आता माझ्याशी धर. मला एक ओळही लिहू नकोस, माझ्या पत्राला उत्तर देऊ नकोस. पुढच्या पाकिटावर बाबांचं नाव घाल. मी ते फोडणार नाही, वाचूनही दाखवणार नाही.

अक्षर मोठं काढ.